मोहोरावर बर्फ पडला तर: फळबाग आणि भाजीपाला वाचवण्याचं सविस्तर मार्गदर्शन

झाडांना पालवी फुटली आहे, कळ्या उमलू लागल्या आहेत आणि अशात बर्फ पडला, की बहुतेकांची पहिली धाव फांद्या झटकायला असते. फांद्या झटकायलाच हव्यात. पण पिकाचा खरा घात बर्फ पडताना क्वचितच होतो. तो होतो बर्फ थांबून आभाळ निवळल्यानंतरच्या पहिल्या रात्री. म्हणून बर्फाच्या दिवशी सगळी ताकद खर्च करून रात्री झोपी जाणं, ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

कारण समजून घेतलं की पुढची कामं आपोआप सुचतात. बर्फ पडत असतो तेव्हा वर ढगांचं पांघरूण असतं आणि हवेचं तापमान शून्याच्या एखादा अंश इकडेतिकडे घुटमळतं. ढग हटले की चित्र पालटतं. ताजा बर्फ दिवसा ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परतवून लावतो, त्यामुळे जमीन तापत नाही. रात्री तोच पृष्ठभाग आपली उष्णता मोकळ्या आभाळाकडे भराभर सोडतो. वर बर्फाच्या थरात हवा अडकलेली असल्यामुळे मातीतली ऊब वर येऊ शकत नाही. वारा पडलेला असेल तर बर्फालगतची हवा थंड होत जाते आणि खालच्या फांद्यांवरच्या फुलांना सर्वांत आधी फटका बसतो. माणसाच्या उंचीवर टांगलेला तापमापी उणे १ दाखवत असताना गुडघ्याच्या उंचीवर उणे ३ किंवा त्याहून कमी असू शकतं.

आधी ठरवा: आपलं पीक कोणत्या अवस्थेत आहे?

किती थंडी सोसेल हे जातीपेक्षा अवस्थेवर जास्त अवलंबून असतं. सफरचंदाच्या कळीचं टोक नुकतं हिरवं दिसू लागलं असेल, तर उणे ७.८ अंश सेल्सिअसला अर्धा तास राहिल्यास साधारण १० टक्के कळ्या मरतात. कळ्यांचा घट्ट गुच्छ दिसू लागला की हीच मर्यादा उणे २.८ वर येते. कळी गुलाबी झाल्यापासून पूर्ण फुलोऱ्यापर्यंत उणे २.२ ला १० टक्के आणि उणे ३.९ ला ९० टक्के फुलं जातात. म्हणजे फुलोऱ्यात थोडं नुकसान आणि सगळं नुकसान यांत दोन अंशांचंही अंतर नाही. चेरीची पूर्ण फुलोऱ्यातली मर्यादा जवळपास हीच. पेअर उणे २.२ ते उणे ४.४, पीच उणे २.८ ते उणे ४.४ आणि जर्दाळू उणे २.८ ते उणे ५.६ या पट्ट्यात येतात. जर्दाळूचे आकडे पाहून निर्धास्त होऊ नका. तो सगळ्यांच्या आधी फुलतो, त्यामुळे सापडतोही तोच.

उबदार गेलेला उन्हाळापूर्व महिना म्हणूनच धोक्याचा. २००७ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात नेहमीपेक्षा ऊब होती, झाडं वेळेआधी फुटली आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातल्या गोठवणाऱ्या लाटेत फळबागांचं आणि गव्हाचं मोठं नुकसान झालं. तेवढीच थंडी कळ्या मिटलेल्या असताना आली असती, तर कोणी तिची दखलही घेतली नसती.

भाजीपाल्याचं गणित सरळ आहे. वाटाणा, पालक, कोबी, कांदा, लसूण यांची हळूहळू थंडीला सरावलेली रोपं शून्याखाली तीन-चार अंश काढतात. टोमॅटो, मिरची, काकडी, भोपळा, घेवडा शून्याच्या जरा खाली गेलं की काळे पडतात. गव्हाचा वाढीचा कोंब कांडी धरेपर्यंत मातीखाली असतो, म्हणून तोवर पानं करपली तरी पीक सावरतं. कांडी धरताना उणे ४, पोटरीत (ओंबी अजून पानाच्या आवरणात) असताना उणे २ आणि ओंबी बाहेर पडल्यावर उणे १ अंश दोन तास टिकला, तरी दाणे भरण्यावर परिणाम होतो.

अंदाज आल्यावर, दोन-तीन दिवस आधी

पहिलं काम तापमापी. किमान तीन हवेत: बागेतल्या सर्वांत खोलगट जागी एक, मध्यावर एक, उंचावर एक, आणि तिन्ही खालच्या फुलांच्या उंचीला. आधी ते तपासून घ्या. बादलीत बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळा, तापमापीचं टोक पाच मिनिटं त्यात बुडवा. आकडा शून्य यायला हवा. एखादा १ दाखवत असेल, तर त्यावर तसं लिहून ठेवा. स्वस्त तापमापी एक-दीड अंश चुकणं नवलाचं नाही, आणि इथे सगळा खेळच दोन अंशांचा आहे.

सोबत ओल्या-सुक्या तापमापींची जोडी तयार ठेवा. एकाच्या फुग्याभोवती पातळ सुती कापड गुंडाळून ते ओलं करायचं आणि पुठ्ठ्याने वारा घालायचा. आकडा उतरून स्थिरावतो, तेच वेट बल्ब तापमान. हवा ३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर हे तापमान शून्यावर येतं. तुषार सिंचन कधी सुरू करायचं ते यावरूनच ठरतं.

जमीन कोरडी असेल तर वरचा ३० सेंटिमीटर थर ओला होईल इतकं पाणी द्या. ओली, उघडी, दबलेली माती दिवसा जास्त उष्णता साठवते. नांगरलेली भुसभुशीत जमीन किंवा वाळक्या गवताचं जाड आच्छादन उलट काम करतं. मातीतली ऊब खालीच अडकते आणि वरची फुलं गारठतात. ओळींमधलं गवत ५ सेंटिमीटरपर्यंत कापून घ्या. मात्र स्ट्रॉबेरीसारख्या बुटक्या पिकाला पेंढ्याने पूर्ण झाकणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे झाकण पिकाच्या वर येतं.

उताराच्या बागेत थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते. तळाशी दाट कुंपण, रचलेली लाकडं किंवा पेट्यांची थप्पी असेल, तर ती तिथे तुंबते. कुंपणात वाट मोकळी केली तरी खालच्या ओळींना फरक जाणवतो.

गारपिटीची जाळी लावलेली असेल तर बर्फाआधी ती गुंडाळा. याबाबत दुमत नको. बारीक छिद्रांच्या जाळीवर ओला बर्फ साचतो, जाळी झोळीसारखी खाली येते आणि तारा-खांबांसह झाडांवर कोसळते. शेडनेटचंही तेच.

बर्फाचं वजन मोजा, अंदाजावर जाऊ नका

हिवाळ्यातला कोरडा भुरभुरीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. वसंतातला बर्फ शून्याच्या आसपासच्या हवेतून पडतो, त्यात पाणी असतं, आणि तो सहज २०० ते ३०० किलो भरतो. तो निसटून पडत नाही, फांदीला चिकटतो. त्यात पानं फुटलेली असली की बर्फ झेलायला पृष्ठभागही वाढतो. ज्या झाडाने हिवाळ्यात अर्धा मीटर बर्फ हसत पेलला, ते वसंतात १५ सेंटिमीटरला फाटतं.

मोजायची पद्धत सोपी आहे. १६ सेंटिमीटर व्यासाचा सरळ भिंतींचा पत्र्याचा डबा घ्या. सपाट जागी तो बर्फात जमिनीपर्यंत उभा दाबा, खालून पत्रा सरकवून उचला आणि आतला बर्फ वजन करा. डब्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.०२ चौरस मीटर असतं, म्हणून किलोतलं वजन गुणिले ५० म्हणजे दर चौरस मीटरवरचा भार. अर्धा किलो बर्फ निघाला तर २५ किलो. १०० चौरस मीटरच्या पॉलीहाऊसवर हे अडीच टन होतात. हलक्या पाईपचे बोगदे एवढ्या भारासाठी बांधलेलेच नसतात.

पॉलीहाऊस तापवायची सोय असेल तर ती बर्फ पडायला लागण्याआधी सुरू करा. छताचा प्लॅस्टिकचा कागद आधीच कोमट असेल तर पहिला थर चिकटतच नाही. दुहेरी कागद असेल तर मधली हवा काढून टाका, म्हणजे आतली ऊब वर पोहोचून बर्फ वितळवेल. आतले उष्णतारोधक पडदेही उघडे ठेवा. मध्यभागी शिखराच्या पाईपखाली दर तीन मीटरवर लाकडी टेकू द्या. टेकूखाली फळी हवी, नाहीतर ओल्या मातीत तो रुततो. बाहेरून बर्फ काढायला लांब दांड्याचा, टोकाला फोम बांधलेला झाडू वापरा, आणि दोन्ही बाजूंचा बर्फ आळीपाळीने थोडा थोडा काढा. एकच बाजू मोकळी केली की सांगाडा दुसरीकडे कलतो. पाईप वाकताना दिसला, कुरकुर ऐकू आली तर आत जाऊ नका. बाहेरून कागदावर लांब चीर देऊन बर्फ आत पडू द्यावा. कागद पुन्हा घेता येतो, सांगाडा वाचतो.

बर्फ पडत असताना

फांद्यांवर ५ ते ८ सेंटिमीटर साचलं की पहिली फेरी मारा. थांबला की काढू, असं म्हणत बसलं तर तोवर बेचके फाटलेले असतात. लांब काठीच्या टोकाला जुनं कापड गुंडाळा. सर्वांत खालच्या फांद्यांपासून सुरुवात करून वर जा. आधी वरचा बर्फ पाडला तर तो खालच्या आधीच वाकलेल्या फांद्यांवर आदळतो. काठी फांदीखाली नेऊन हलकेच वर उचला आणि सोडा. वरून मारल्याने बर्फाबरोबर कळ्याही झडतात आणि वाकलेली फांदी आणखी वाकते.

अरुंद, इंग्रजी व्हीसारखे बेचके असलेली झाडं आणि मागच्या वर्षी जोरदार छाटणी झालेली लांब कोवळी फूट असलेली झाडं आधी घ्या. वेळ अपुरा पडलाच, तर सरळ एकखोडी झाडं शेवटी.

बर्फ गोठून काचेसारखा कडक झाला असेल तर हात लावू नका. थंडीत फांदी ठिसूळ असते, बर्फासकट मोडते. गरम पाणी ओतू नका, मीठही नको; मीठ मुळांशी उतरून वर्षभर त्रास देतं. खाली वाकलेल्या जाड फांदीला वरच्या टोकाला दुफाटा असलेल्या काठीचा टेकू द्या आणि उन्हाची वाट पाहा. तुटलेल्या विजेच्या तारा झाडात अडकल्या असतील तर त्या झाडापासून दूरच राहायचं, आणि ओला बर्फ फावड्याने उपसताना छातीत दडपण आलं तर काम तिथेच थांबवायचं.

पालक, लसूण, कोबीच्या वाफ्यांवरचा बर्फ मात्र काढू नका. मातीची ऊब त्याखाली अडकून राहते आणि पुढच्या निरभ्र रात्री तोच पांघरूण होतो. टोमॅटो-मिरचीची रोपं लावलेली असतील तर बर्फाआधीच कमानी उभारून त्यांवर न विणलेलं क्रॉप कव्हर टाका. चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं कापड एक-दोन अंश, ५० ग्रॅमचं तीन-चार अंश राखतं. प्लॅस्टिकचा कागद कमी राखतो, आणि पानाला टेकला की टेकल्या जागी पान गोठतं. कडा सगळीकडून मातीने दाबा. एक कोपरा उघडा राहिला तरी ऊब निघून जाते. उगवलेल्या बटाट्यावर मातीची भर ओढणं सर्वांत स्वस्त आणि खात्रीचं.

आभाळ निवळलं: खरी रात्र

संध्याकाळी ढग फाटले, वारा पडला आणि अंदाजात दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊ लागते तो) शून्याच्या बराच खाली असेल, तर पहाटेची तयारी करा. तापमान सर्वांत खाली जातं ते सूर्योदयाच्या सुमारास, मध्यरात्री नव्हे. रात्री अकराला आकडा ठीक दिसला म्हणून झोपणाऱ्यांची बाग चार-पाचच्या दरम्यान जाते.

सर्वांत आधी एक गोष्ट करा: दिवस मावळण्याआधी फांद्यांवरचा उरलेला बर्फ झाडून टाका. दुपारी अर्धवट वितळलेला बर्फ रात्री फुलांच्या आतच गोठतो.

तुषार सिंचन सर्वांत प्रभावी आहे आणि चुकीचं वापरलं तर सर्वांत घातकही. १ किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं, त्यावर फूल तगतं. पण १ किलो पाणी वाफ होताना सुमारे २५०० किलोज्यूल ओढून घेतं, म्हणजे साडेसातपट. पाणी कमी पडलं किंवा मध्येच थांबलं, तर गोठण्यापेक्षा बाष्पीभवन वरचढ होतं आणि न भिजवलेल्या बागेपेक्षा भिजवलेल्या बागेचं नुकसान जास्त होतं.

त्यामुळे नियम असे. वेट बल्ब तापमान पिकाच्या मर्यादेपर्यंत उतरण्याआधीच सुरू करा. फुलोऱ्यात शून्यालाच सुरू करणं शहाणपणाचं. वारा नसताना झाडांना उणे २ च्या आसपास ताशी ३ मिलिमीटर, उणे ३ च्या पुढे ४ ते ४.५ आणि उणे ५ ला ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागतं. नोझलचा फेरा ३० ते ६० सेकंदांत पूर्ण व्हायला हवा. हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर, म्हणजे ताशी ४ मिलिमीटरने आठ तासांना ३ लाख २० हजार लिटर. एवढं पाणी आणि पंपाला राखीव इंधन नसेल, तर सुरूच करू नका. साठा निम्म्या बागेलाच पुरणार असेल तर निम्मीच बाग भिजवा.

चालू असताना टॉर्च घेऊन बर्फाचा रंग पाहा. फुलांवरचा बर्फ काचेसारखा पारदर्शक आणि टोकाला पाणी थेंबत असेल, तर प्रमाण बरोबर. दुधी, पांढरट दिसत असेल तर पाणी कमी पडतंय. वारा सुटला तर मागणी वाढते. सकाळी ऊन आलं म्हणून लगेच बंद करू नका. भिजत्या क्षेत्राबाहेरचं वेट बल्ब तापमान शून्याच्या वर गेलं आणि बर्फ सुटून पडू लागला, की मगच. आणि झाडं बर्फाने आधीच वाकलेली असतील तर वरून पाणी नकोच. झाडाखालचे मायक्रोस्प्रिंकलर चालवा. त्यांनी एक-दोन अंश मिळतात, पण फांदीवर भार येत नाही.

हवा ढवळणारे मोठे पंखे वरचा उबदार थर खाली आणतात. ६५ ते ७५ किलोवॅटचा एक पंखा साधारण चार-पाच हेक्टरला पुरतो. वर उबदार थरच नसेल, म्हणजे रात्रभर वारा वाहत असेल, तर त्याचा उपयोग शून्य. पात्यांवर बर्फ चिकटलेला असताना तो सुरू करणं धोक्याचं आहे. तोल बिघडून पातं तुटतं.

शेगड्या वापरायच्या तर पुष्कळ आणि लहान. मोठी आग गरम हवेला थेट उंच नेते, बागेला काही मिळत नाही. कडेच्या ओळींत जास्त शेगड्या ठेवा, कारण थंड हवा तिथूनच आत शिरते. ओला पालापाचोळा पेटवून धूर करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आजही दिसते, आणि ती सोडून द्यावी. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांना जुमानत नाही. उलट सकाळी ऊन अडवून धूर बाग उशिरा तापवतो. धुराने बाग वाचली असं वाटतं तेव्हा ती आगीच्या उबेने किंवा नशिबाने वाचलेली असते.

नुकसान कसं तपासायचं

सकाळीच निष्कर्ष काढू नका. गोठलेलं फूल काही तास ताजं दिसतं. एक दिवस जाऊ द्या, मग वेगवेगळ्या झाडांवरून, खालून-मधून-वरून मिळून १०० फुलं किंवा कळ्या घ्या. धारदार ब्लेडने प्रत्येक फूल देठापासून उभं चिरा. मधला स्त्रीकेसर आणि खालचा अंडाशय हिरवट-पांढरा असेल तर जिवंत, तपकिरी किंवा काळा असेल तर मेलेला. पाकळ्या करपल्या म्हणून फूल गेलं असं नाही, आणि पाकळ्या शाबूत आहेत म्हणून वाचलं असंही नाही. सफरचंदाच्या गुच्छातलं मधलं फूल आधी उमलतं, म्हणून आधी मरतं; बाजूची फुलं वेगळी मोजा.

मोजणीचा आकडा कसा वाचायचा हे पिकावर ठरतं. सफरचंदाला भरपूर मोहोर असेल तर ५ ते १० टक्के फुलांना फळ धरलं तरी पूर्ण पीक येतं, त्यामुळे ६० टक्के फुलं गेली तरी हंगाम गेलेला नसतो. चेरीला तसं नाही. फळ लहान असल्याने पिकाला फुलं खूप लागतात आणि गेलेल्या प्रत्येक फुलाचा हिशेब द्यावा लागतो. विरळणी करायची सवय असेल तर फळ वाटाण्याएवढं होऊन नैसर्गिक गळ संपेपर्यंत या वर्षी ती पुढे ढकला.

फुलं वाचली तरी परागीभवन राहू शकतं. १० ते १२ अंशांखाली मधमाश्या बाहेर पडत नाहीत. पेट्यांच्या दारातला बर्फ आणि मेलेल्या माश्या झाडून काढा, पण थंडीत पेटी उघडू नका. वसंतात पिलावा (पेटीतली अंडी, अळ्या, कोश) मोठा असतो, तो ३४-३५ अंशांवर राखायला माश्या साठा भराभर संपवतात, आणि नेमक्या याच काळात उपासमारीने पेट्या मरतात. पेटी मागून उचलून पाहा. हलकी लागली तर चौकटींवर घट्ट साखरेचा गोळा ठेवा. थंडीत पातळ पाक देऊ नका.

नंतरचे पंधरा दिवस

फाटलेला बेचका त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हाताळा. साल ओली असेपर्यंत दोन्ही भाग दोरीने ओढून एकत्र आणा आणि मधून आरपार बोल्ट घाला. फाट्याच्या वर फांदीच्या लांबीच्या साधारण दोन-तृतीयांशावर एक तार बांधा. लटकणाऱ्या, सालीला चिकटलेल्या फांद्या कॉलरपाशी, म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यापाशी, स्वच्छ कापा. जखमेवर रंग किंवा डांबर लावायची गरज नाही. नुसती वाकलेली फांदी कापू नका, पुष्कळशा काही आठवड्यांत उठतात. करपलेली कोवळी टोकंही नवी फूट कुठून येते ते दिसेपर्यंत तशीच राहू द्या. लगेच छाटलं तर जिवंत डोळेही जातात.

नत्राचा जादा डोस देऊन झाडाला उभारी देण्याचा मोह टाळा. फळं कमी झालेल्या झाडाला तो सगळा नत्र लांब, मऊ फुटीत जातो. सफरचंद-पेअरच्या बागेत गारठलेल्या ऊतींतून फायर ब्लाइट या करपा रोगाचा जिवाणू सहज शिरतो, म्हणून ऊब परतली की फुलं आणि शेंडे आठवडाभर रोज पाहा. हुकासारखा वाकलेला काळा शेंडा दिसला तर निर्जंतुक केलेल्या कात्रीने तो बराच खालून कापा.

आणि जमिनीत ट्रॅक्टर घालायची घाई नको. १० सेंटिमीटर ओला बर्फ वितळला की साधारण २५ मिलिमीटर पाऊस पडल्याइतकं पाणी एकाच वेळी मातीत उतरतं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने ढोसा. गोळा फुटला तर वाफसा आला. लोण्यासारखा दबला तर आणखी दोन दिवस चर मोकळे करण्यापलीकडे बागेत काही करू नका.